‘फार जपा हिला’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. मुलगी साडेतीन वर्षांची. दाराची बेल अचानक वाजली, ती दचकली आणि जागच्या जागी कोसळली. फिट समजून आकडीचं औषध सुरू झालं. दुसऱ्यांदा कोसळली तेव्हा कुणीतरी ईसीजी काढला आणि लाँग क्यूटी सिंड्रोम, टाइप २ असं, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची विजेची लय बिघडवणाऱ्या आजाराचं, निदान झालं. आता प्रोप्रॅनोलॉल चालू आहे. निघताना डॉक्टर ‘फार जपा हिला’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून घरात तिला कुणी रडू देत नाही, पळू देत नाही, मागेल ते हातात येतं, आणि रात्री तुम्ही तिच्या छातीवर हात ठेवून जाग्या असता. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की धाकटा आठ महिन्यांचा आहे, आणि कॉलेजात तुम्ही स्वतः दोनदा चक्कर येऊन पडला होतात, ‘पण तो अशक्तपणा होता’.

उत्तर लांबणार आहे, म्हणून त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. तो अशक्तपणा असेलही. पण हा आजार बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुमचा, मुलीच्या वडिलांचा आणि धाकट्याचा ईसीजी याच आठवड्यात काढून घ्या, आणि तो मुलीच्या निदानासकट हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. घाई करायला सांगते आहे याला कारण आहे. टाइप २ असलेल्या बायकांना बाळंतपणानंतरचे पहिले नऊ महिने जास्त धोक्याचे असतात, आणि तुमचे आठच झालेत. एक ईसीजी चांगला आला म्हणून सुटलो असंही समजू नका. काही जणांत आजार असूनही क्यूटी (ईसीजीवरचं एक माप, ते पुढे सांगते) जेमतेम हद्दीत दिसतो. मुलीच्या जनुक-तपासणीत नेमका बदल सापडला असेल, तर घरातल्या बाकीच्यांना तेवढीच एक गोष्ट तपासून खात्रीचं उत्तर मिळतं. तोवर मुलीचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे. लहान मुलांच्या ठोक्यांचे आजार बघण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली पहिली काही वर्षं मीही ‘जपा’ म्हणत आले. मग एक मुलगा सहा वर्षांचा होऊन आला. त्याला जिने चढवताना अजूनही कडेवर घेत, घरात त्याच्यासमोर कुणी मोठ्याने हसत नसे, आणि सकाळचं औषध मात्र आठवड्यातून दोनदा तरी राहून जात होतं. आईवडील बेफिकीर नव्हते, उलट दमून गेले होते. सगळीकडे जपता जपता जिथे खरं जपायचं तिथेच हात कमी पडत होता. चूक माझी होती, कारण कुठे जपायचं हे मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून हा शब्द मी कुटुंबांसमोर वापरत नाही.

आधी आजार काय करतो ते बघू. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हावं लागतं. ठोका सुरू झाल्यापासून ही तयारी पूर्ण होईपर्यंतचा वेळ ईसीजीवर मोजतात, तो क्यूटी. टाइप २ मध्ये पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाट नीट चालत नाही, म्हणून तयारीला वेळ लागतो. त्या अर्ध्या तयार अवस्थेत एखादा अवेळी ठोका पडला तर हृदय वेडंवाकडं, फार वेगाने थरथरू लागतं. ईसीजीवर ती रेषा दोरीला पीळ घातल्यासारखी दिसते. देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली तिला ‘टोकांचा पीळ’ अशा अर्थाचं नाव दिलं, आम्ही आजही तेच वापरतो. बहुतेक वेळा हा पीळ काही सेकंदांत आपोआप सुटतो आणि मूल शुद्धीवर येतं. नाही सुटला तर जिवावर बेततं. मेंदूला रक्त न पोचल्याने हातपाय झटकले जातात, म्हणून ती फिट वाटते. तुमच्या मुलीच्या बाबतीत झाली ती गल्लत फार नेहमीची आहे. आकडीच्या औषधाचं आता काय करायचं हे मात्र स्पष्ट विचारून घ्या, ते नुसतंच चालू राहिलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

माझं पुढचं सांगणं तुमच्या मुलीला तंतोतंत लागू होईल असं नाही. तिचा क्यूटी किती लांब आहे, औषध सुरू झाल्यावर ती पुन्हा कोसळली का, नेमका कोणता जनुकीय बदल आहे, यावर बरंच काही ठरतं. शिवाय टाइपप्रमाणे धोक्याची वेळ बदलते. २००१ साली ६७० रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. टाइप १ मध्ये ६२ टक्के प्रसंग व्यायामाच्या वेळी घडले होते, त्यात पोहणं विशेष. टाइप २ मध्ये ४३ टक्के भावनिक धक्क्याने, आणि अचानक आलेला आवाज हे तर या प्रकाराचं वैशिष्ट्यच. टाइप ३ मध्ये ३९ टक्के झोपेत किंवा निवांत असताना. म्हणजे ओळखीतल्या कुणाच्या मुलाला ‘हृदयाचा असाच काहीतरी’ आजार आहे आणि ते अमुक करतात, हे ऐकून तुम्ही तसं करू नका. त्या मुलाला सीपीव्हीटी, म्हणजे धावण्याने किंवा भावनेच्या भरात ठोके बिघडणारा वेगळा आजार, असेल तर त्याच्या धावण्याबद्दल मी तुमच्या मुलीपेक्षा कितीतरी कडक बोलेन.

तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे औषध, आणि ते घड्याळाच्या काट्याला बांधून. प्रोप्रॅनोलॉल हे ‘बीटा ब्लॉकर’ गटातलं औषध, ते घाबरल्यावर उसळणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरचा तडाखा कमी करतं. ते चालू असूनही कोसळलेल्या मुलांची चौकशी केली की चुकलेले डोस पुष्कळदा निघतात. ते अचानक बंद होणं तर न सुरू करण्यापेक्षा वाईट, कारण दबलेली स्प्रिंग एकदम सुटते. बाटली संपायच्या आठवडाभर आधी दुसरी घरात हवी. डोस कुणी दिला याची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा. ‘मला वाटलं तू दिलंस’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की ते जणू या आजाराचं लक्षणच झालंय. डोस वजनावर असतो आणि साडेतीन वर्षांचं मूल भराभर वाढतं, म्हणून प्रत्येक भेटीत ‘वजन वाढलंय, डोस बदलायचा का?’ हे तुम्ही विचारा. डॉक्टरांच्या लक्षात येईल म्हणून थांबू नका. आणि डॉक्टर बदलले, तर बीटा ब्लॉकर सगळे सारखेच असं समजून कुणी मेटोप्रोलॉलवर नेत नाही ना, तेही पाहा. या आजारात ते प्रोप्रॅनोलॉल आणि नॅडोलॉलपेक्षा कमी पडतं असं दिसलेलं आहे.

प्रोप्रॅनोलॉलची एक खोड मात्र प्रत्येक आईला माहीत हवी. लहान मूल उपाशी असताना त्याने रक्तातली साखर घसरू शकते, आणि साखर घसरल्याची नेहमीची सूचना, म्हणजे हात थरथरणं आणि छाती धडधडणं, हेच औषध दाबून टाकतं. उरतो तो घाम, फिकटपणा आणि न उठवता येणारी सुस्ती. म्हणून डोस खाण्याबरोबर किंवा खाल्ल्यावर द्या, आणि रात्रीचा उपास फार लांबू देऊ नका. मग ती आजारी पडली, काहीच खात नाहीये, उलट्या होतायत, तेव्हा पेच पडतो: औषध दिलं तर साखरेची भीती, नाही दिलं तर हृदयाची. हा पेच तुम्ही घरी सोडवायचा नाही. त्याच दिवशी, पुढच्या डोसच्या आधी, डॉक्टरांना फोन. डोस दिल्यावर लगेच उलटून पडला तर काय करायचं, हे आजच विचारून बाटलीवर चिकटवून ठेवा. मनाने दुसरा डोस देऊ नका.

उलटी-जुलाब हा या मुलांचा खरा शत्रू आहे, बेलपेक्षाही मोठा असं मी म्हणेन. पोटॅशियम कमी झालं की टाइप २ चा क्यूटी आणखी ताणला जातो. त्यात उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं ऑन्डॅनसेट्रॉन स्वतःच क्यूटी लांबवतं, डोमपेरिडोनही. म्हणजे पोट बिघडलेलं, पोटॅशियम घसरलेलं, आणि वर तेच औषध, असा तिहेरी घोळ अगदी चांगल्या हेतूने होतो. क्षारसंजीवनी लवकर सुरू करा, आणि ती पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा. ताप आला तर तोही वेळेवर उतरवा, पॅरासिटॅमॉल चालतं.

टाळायच्या औषधांची यादी लांबलचक आहे आणि बदलत राहते. ती पाठ करू नका, घरच्यांनाही पाठ करायला लावू नका. मी पूर्वी चार पानं छापून द्यायची. ती कपाटात जायची. आता एकच वाक्य पाठ करून घेते: ‘हिला लाँग क्यूटी आहे, हे औषध क्यूटी वाढवतं का ते तपासून मगच लिहा.’ डॉक्टर, दाताचे डॉक्टर, औषधांचं दुकान, सगळीकडे हेच, आणि ते न लाजता. तपासायला ‘क्रेडिबलमेड्स’ या वेबसाइटवरची क्यूटी वाढवणाऱ्या औषधांची यादी कुठल्याही डॉक्टरला उघडता येते. तरी नेहमी समोर येणारी चारदोन नावं सांगते: अ‍ॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल. चोंदलेलं नाक मोकळं करणारी सर्दीची सिरपही नकोत, त्यांतली काही हृदयाला चाबूक मारतात. अ‍ॅमॉक्सिसिलिनची या बाबतीत अडचण नाही. आणि तिला कधी दम्यासारखी घरघर सुरू झाली तर प्रोप्रॅनोलॉलचं काय करायचं हा वेगळा प्रश्न उभा राहतो. तोही डॉक्टरांनीच सोडवायचा.

आता रडणं. तुमच्या पत्राचा अर्धा भाग यावरच आहे आणि मला वाटतं खरा प्रश्नही हाच आहे.

भावनिक धक्का टाइप २ ला लागतो हे मी वरच सांगितलं, त्यामुळे ‘रडल्याने काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही. पण सगळं रडणं एकसारखं नसतं. मागून अचानक ओरडणं, भॉ करून घाबरवणं, गाढ झोपेतून अलार्मने उठवणं, यात अ‍ॅड्रेनॅलिन एका क्षणात उसळतं. खेळणं मिळालं नाही म्हणून कुरकुर, मग भोकाड, मग जमिनीवर लोळण, हे पायरीपायरीने चढतं, आणि डोस वेळेवर असेल तर त्याचा भार हृदयावर बराच कमी पडतो. पहिला प्रकार तुम्ही घरातून जवळजवळ हद्दपार करू शकता. दुसरा कुठलाही साडेतीन वर्षांचा जीव हद्दपार होऊ देत नाही. उलट प्रत्येक रडण्याला हवं ते मिळतं हे तिने ओळखलं की ती जास्त वेळा आणि जास्त जोराने रडते. म्हणजे रडणं टाळायच्या धडपडीत तुम्ही ते वाढवताय. आजी म्हणतात ‘देऊन टाक, जीव महत्त्वाचा’, त्यांचा जीव तुटतो हे मला समजतं. पण पाच वर्षांची झाल्यावर तिला औषध नको असेल तेव्हा ती काय करेल, याचा विचार त्यांना करायला सांगा. ‘नाही’ ऐकायची सवय नसलेल्या मुलाला कडू सिरप दिवसातून तीनदा पाजणं किती अवघड जातं, ते मी रोज बघते.

मग करायचं काय? नियम थोडे ठेवा आणि ते सगळ्यांचे एकच असू द्या. ‘नाही’ म्हणायचं ते जवळ बसून, हळू आवाजात, आणि मग बदलायचं नाही. खेळ थांबवायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं. ती रडायला लागली की तिथेच बसायचं, बोलायचं कमी, ओरडायचं अजिबात नाही, खोलीत एकटीला कोंडायचं तर मुळीच नाही. रडून झालं की जवळ घ्यायचं, पण हट्टाची वस्तू द्यायची नाही. पहिले दोन आठवडे रडणं वाढेल आणि तुमचे हातपाय गार पडतील. ते सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून एवढं नक्की करून घ्या की डोस वजनाप्रमाणे पुरेसा आहे आणि औषध चालू असतानाचा ईसीजी त्यांनी पाहिलाय. अजून स्थिर नाही असं ते म्हणाले, तर हा प्रयोग पुढे ढकला. इथे माझ्या अनुभवापेक्षा त्यांच्या समोरचा ईसीजी मोठा.

एक फरक घरातल्या सगळ्यांना शिकवा. रडून रडून श्वास धरणारी मुलं आधी निळी किंवा पांढरी पडतात आणि मग क्षणभर शुद्ध हरपतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र ‘श्वास धरला असेल’ असा अंदाज कुणीच बांधायचा नाही. शुद्ध गेली म्हणजे हृदय असं धरून चालायचं.

दाराची बेल मंद करा किंवा काढून टाका, फोन थरथरण्यावर ठेवा, अलार्मचं घड्याळ तिच्या खोलीत नको. इतकं पुरे. घरात हसणं, भांडणं, भांडी पडणं चालू राहू द्या.

पळण्याबद्दल थोडक्यात. पूर्वी आम्ही या मुलांना सरसकट बसवून ठेवायचो. औषध नीट चालू असेल तर आता इतकी बंदी कुणी घालत नाही. दमल्यावर स्वतःहून थांबण्याची मुभा असलेला खेळ चालेल, शर्यत लावून मागून ओरडणं नको. पाण्याशी मात्र माझी तडजोड नाही, टाइप कुठलाही असो. पाण्यात कोसळलेलं मूल आवाज करत नाही. हाताच्या अंतरावर, फक्त तिच्याकडे बघणारं मोठं माणूस नसेल तर टब, हौद, तलाव काहीही नाही.

ती कोसळली तर काय, हे घरातल्या प्रत्येकाच्या हाताला माहीत हवं. वाचून हे येत नाही, पुतळ्यावर शिकून घ्या आणि वर्षातून एकदा उजळणी करा. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर मदतीला हाक, रुग्णवाहिकेला फोन स्पीकरवर, आणि लगेच छाती दाबायला सुरुवात. मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येतो, तो खरा श्वास समजायचा नाही. छातीच्या मधोमध, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, एकटे असाल तर ३० दाबांनंतर दोन श्वास. तोंडात काही घालायचं नाही, पाणी शिंपडत बसायचं नाही. एईडी, म्हणजे हृदयाला बाहेरून शॉक देणारं मशीन, मिळालं तर लगेच लावायचं. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी लहान पॅड असतात, नसतील तर मोठेच, एक छातीवर आणि एक पाठीवर, एकमेकांना न टेकणारे. गरज नसेल तर ते मशीन शॉक देतच नाही, त्यामुळे त्याला घाबरू नका. आणि ती अर्ध्या मिनिटात आपोआप उठून बसली तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही, कारण औषध पुरत नाहीये असा त्याचा अर्थ असू शकतो. मग डोस, हृदयाला चेतवणाऱ्या डाव्या बाजूच्या मज्जातंतूंचं ऑपरेशन किंवा शरीरात बसवायचं शॉकचं यंत्र, यांबद्दल बोलणं होईल. ते यंत्र आधीच का बसवत नाही असं तुम्ही विचारलंय. इतक्या लहान वयात वायरी तुटतात, शरीर वाढतं, आणि यंत्र चुकून शॉक देतं तेव्हा मूल भेदरतं. म्हणून ज्यांचं हृदय एकदा थांबलेलं आहे किंवा जी औषधावरही कोसळतात, त्यांच्यासाठी ते आधी.

बालवाडीत एकच कागद द्या: आजाराचं नाव, कोसळली तर काय करायचं, कुणाला फोन, आणि तिला घंटेच्या अगदी जवळ बसवू नका. बाईंना समोर बसून समजावून सांगा. नुसता कागद वाचून त्या घाबरतील आणि तिला खेळातून बाजूला काढतील.

राहिली रात्र. छातीवरचा हात तुम्हाला धीर देतो, तिला त्याचा उपयोग फार थोडा. टाइप २ मध्येही काही प्रसंग झोपेत घडतात, हे मी लपवणार नाही. पण त्यांना अडवतो तो संध्याकाळचा डोस, आणि रात्रभर जागलेली आई सकाळचा डोस विसरते. एकाच खोलीत झोपा, आळीपाळीने झोपा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घ्यायचा विचार करताय, तो शक्यतो सोडा. ते बोट हललं तरी अलार्म देतं, म्हणजे काढून टाकलेली बेल आपण स्वतःच तिच्या उशाशी नेऊन ठेवायची. तो हात सकाळसाठी राखून ठेवा. तिला उठवताना दिवा एकदम लावू नका, पडदा थोडा सरकवा, पावलाला हलकेच स्पर्श करा आणि हळू आवाजात दोनतीनदा नाव घ्या. डोळे उघडून ती तुमच्याकडे बघेल, मग काहीतरी खायला आणि त्यामागोमाग सिरप.